अमेरिकन शिक्षणाची सूत्रे आणि मुख्याध्यापक

अमेरिकन राज्यपद्धतीचा अभ्यास करताना एका गोष्टीचे मला प्रथम नवल वाटले. त्या देशाच्या राज्यघटनेत ‘शिक्षण’ हा शब्दच नाही! साहजिकच शिक्षण हा घटकराज्यांचा विषय ठरला आणि राज्यांनी शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी स्थानिक मंडळांकडे सोपविला. शाळेचा बराचसा खर्चही स्थानिक मालमत्ता-करातून चालतो. परिणामी श्रीमंत वस्तीतील शाळा संपन्न, तर गरीब वस्तीतील शाळा कंगाल राहते. टेक्सस राज्यातील काही पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. परंतु १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचे म्हणणे अमान्य केले.

ही विषमता कमी व्हावी म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९६५ साली, कायदा होऊन गरीब विद्यार्थ्यांसाठी केंद्राचा पैसा शाळांत येऊ लागला होता. पैशामागोमाग पुढे हिशेबही आला. २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताची परीक्षा सक्तीची केली. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल या विषयांत प्रवीण व्हावे, असे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. २०१५ च्या कायद्याने बरेच अधिकार राज्यांना परत दिले. परीक्षा मात्र कायम राहिल्या. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रंप यांनी केंद्रीय शिक्षण खाते बंद करण्याच्या दिशेने आदेश काढला. तथापि, हे खाते १९७९ च्या कायद्याने निर्माण झालेले असल्यामुळे ते कायमचे मोडण्यास काँग्रेसची संमती लागते.

या ओढाताणीत मुख्याध्यापकाचे स्थान कोणते? २०१० च्या सुमारास मागे पडलेल्या शाळांना केंद्राने खास अनुदान देऊ केले, तेव्हा सुधारणेचे चार मार्ग ठरविण्यात आले होते. त्यांपैकी दोहोंत जुना मुख्याध्यापक बदलणे ही अट होती. उरलेल्या दोहोंत शाळा बंद करणे किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपविणे. म्हणजे निधी ठरविणार दुसरे, परीक्षा ठरविणार दुसरे, आणि जाब मात्र मुख्याध्यापकाने द्यायचा.

माझ्या मते अमेरिकन शिक्षणाच्या भवितव्याचा खरा प्रश्न इथेच आहे. सूत्रे वॉशिंग्टनकडे राहोत वा राज्यांकडे जावोत, गरीब वस्तीतील शाळेला पुरेसा पैसा, आणि तिच्या मुख्याध्यापकाला शिक्षक निवडण्याचा अधिकार व वर्गात लक्ष घालण्यास सवड मिळाली नाही, तर त्या शाळेतील मुलांच्या दृष्टीने केवळ धनी बदलला, एवढाच या बदलाचा अर्थ उरेल.