मासा गेला, पण कशानं?

सासूबाई म्हणाल्या असतील ना, ‘घरावर काहीतरी येणार होतं, ते माशानं अंगावर घेतलं’? आमच्या बिल्डिंगमध्येही हेच ऐकू येतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तू ते मनावरही घेऊ नकोस. त्या बोलण्यानं जिवाला बरं वाटतं हे खरं, पण मग कारण कुणी शोधत नाही आणि पुढचा मासाही तसाच जातो. पनवेलजवळच्या तळोज्यातल्या कासाडी नदीत मेलेले मासे तरंगले तेव्हा लोकांनी कारखान्यांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवलं, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. नदीनं पनवेलवरचं संकट झेललं, असं नाही कुणी म्हणालं. मग हॉलमधल्या दोन फुटी टँकचं पाणी तपासायला काय हरकत आहे?

फोनवर तू पहिल्यांदा विचारलंस, ‘ताई, औषध कुठलं टाकू?’ कुठलंच नको. दुकानदारानं दिलेली ती निळी बाटली, मेथिलीन ब्लू, सध्या कपाटात राहू दे. रोग कळायच्या आत औषध ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि उरलेले मासेही संकटात येतात. शिवाय टँकच्या कडेचं सिलिकॉन कायमचं निळं होतं ते वेगळंच.

आधी मला सांग, ते गेले कसे? सगळे एका रात्रीत, की रोज एक? अर्धं उत्तर यातच असतं. एका रात्रीत सगळा टँक रिकामा झाला तर तो बहुधा रोग नसतो. एक तर पाण्यातला ऑक्सिजन संपला, नाहीतर विष गेलं. त्यातही फरक ओळखता येतो. ऑक्सिजन कमी पडला की मोठे मासे आधी जातात, छोटे वर येऊन तोंड उघडझाप करत तग धरतात आणि त्याच टँकमधला गोरामी मजेत फिरत असतो, कारण त्याला वरची हवा घेता येते. विष गेलं असेल तर लहान-मोठं असा भेद राहत नाही, आणि टँकमध्ये शोभेची कोळंबी असेल तर ती सगळ्यांत आधी आडवी होते.

ऑक्सिजनचं गणित आपल्याकडे मे महिन्यात बिघडतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर साडेसातच. आणि तुझे गोल्डफिश तर मुळात थंड पाण्यातले. त्यात दुरुस्तीसाठी चार तास वीज गेली आणि पंप बंद पडला, की दाटीवाटीनं ठेवलेले मासे गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घेऊन ठेव.

विषाचा माग काढायचा तर टँकमध्ये नाही, घरात बघ. दोन दिवसांत काय काय झालं ते आठव. पेस्ट कंट्रोल? दिवाळीचा रंग? डासांचं मशीन टँकच्या शेजारच्याच प्लगमध्ये आहे का? पावसाळ्यात खाली धुरळणी झाली तेव्हा खिडकी उघडी होती का? आपण वास जाईपर्यंत बाहेर थांबतो, पण एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात बुडबुडे सोडत राहतो. झुरळांच्या आणि डासांच्या औषधांत जी पायरेथ्रॉइड रसायनं असतात ती माणसाला फारशी बाधत नाहीत, माशाला मात्र अगदी थोडीही पुरतात. फवारणीच्या दिवशी टँक झाकायचा आणि पंपाची नळी दुसऱ्या खोलीतून किंवा बाल्कनीतून हवा घेईल असं करायचं.

पण तुझ्याकडे रोज एक गेला. आणि कधीपासून, तर तो टँक धुणारा मुलगा येऊन गेल्यानंतर दोन दिवसांनी. मला तिथेच शंका आली. तो कसं धुतो मी पाहिलंय. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडे घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र. टँक आरशासारखा चमकतो आणि तू खूश होऊन पैसे देतेस. अगं, त्या स्पंजावरचा तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हती. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्या थरातले जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात ती पाच मिनिटांत धुतली जाते. मग स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अमोनिया साठत जातो. कल्ले लालभडक होतात, मासा पंख मिटून कोपऱ्यात बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकेक जायला लागतो. नवा टँक आणल्या दिवशीच मासे सोडले तरी हेच होतं. म्हणून तर वास्तुशांतीला भेट आलेले टँक महिन्याभरात रिकामे होऊन माळ्यावर जातात.

याची खात्री करता येते. अमोनियाचा टेस्ट किट मिळतो. काचेच्या नळीत टँकचं पाणी, त्यात थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे, आणि जितकं गडद हिरवं तितका जास्त. आत्ताच्या आत्ता कर, कारण पाणी बदलल्यावर पुरावाच जातो. दुकानदार फुकट तपासून देत असेल तर बाटलीत भरून ने.

हिरवं आलं तर खाणं बंद. दोन-चार दिवसांच्या उपासानं मासा मरत नाही. रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदल, सगळं नको. आणि ज्यांचा टँक जुना, नीट चाललेला आहे अशा कुणाकडून वापरातला स्पंज मागून आण, ओला असतानाच तुझ्या फिल्टरमध्ये घाल. यापेक्षा चांगलं औषध नाही.

आता पाण्याचं. तुमच्या नेरुळला महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं, भोकरपाड्याला शुद्ध होऊन. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवं असं भारतीय मानक सांगतं. आपल्यासाठी ते उत्तमच, पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून कमीही झोंबतं. पाणी बदलल्यापासून काही तासांतच मासे उसळ्या मारायला लागले, तर क्लोरीन समज. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की मात्रा वाढू शकते. आणि सोसायटीच्या टाक्या ब्लीचिंग पावडरनं धुतल्या जातात तो दिवस तर विचारूच नकोस. नोटीस बोर्डावर तो कागद लागतो, आपण फक्त ‘पाणी येणार नाही’ एवढंच वाचतो. त्या आठवड्यात पाणी बदलू नकोस. एरवी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून बादली रात्रभर उघडी ठेव. मे महिन्यात टँकरचं पाणी घेतलं असेल तर वॉचमनला विचार, कारण बोअरचं जड पाणी आणि धरणाचं पाणी वेगळं, माशाला तो बदल सोसत नाही. आणि शुद्ध म्हणून आरओचं पाणी मुळीच भरू नकोस. त्यात क्षारच उरत नाहीत, मग पीएच कधी घसरेल याचा नेम नाही.

पीएचवरून आठवलं. ज्यांनी वर्षभर पाणी बदललंच नाही, फक्त उडालेलं भरत राहिले, त्यांचं उलटं असतं. त्यांचं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि साठलेला अमोनिया तिथे निरुपद्रवी रूपात पडून राहतो. मग एखाद्या रविवारी उत्साहानं अर्धा टँक बदलतात, पीएच वर जातो, आणि संध्याकाळपर्यंत मासे उलटे. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. मग ते सांगत फिरतात, ‘आम्ही पाणी बदललं म्हणून मेले, त्यापेक्षा न बदललेलं बरं!’

अमोनिया वाढायचं आणखी एक कारण म्हणजे जास्तीचं खाणं. गणपतीला तुम्ही गावाला गेलात आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे दिलीत की त्या प्रेमानं मूठभर दाणे टाकतात. पुढच्या वेळी पुड्या बांधून दे, रोजची एक. तेवढंच खाणं.

खरा रोगही असतोच. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इक, एका परजीवीचा रोग. तो बहुतेक नव्या माशाबरोबर येतो. आपल्याकडच्या शोभेच्या माशांपैकी कितीतरी चेन्नईच्या कोळत्तूरहून पिशव्यांत प्रवास करून आलेले असतात, दमलेले, एकमेकांवर दाटलेले. इकच्या औषधाचा परिणाम परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच होतो, अंगावर चिकटलेल्यावर नाही. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही. लेबलावर लिहिलंय तितके दिवस द्यायचं, आणि तेही वेगळ्या टबमध्ये, तुझ्या मुख्य टँकमध्ये नको. नवे मासे आधी पंधरा दिवस याच टबमध्ये ठेवलेस तर बरीच डोकेदुखी टळेल.

टँक धुणाऱ्या त्या पोराला रागावू नकोस, त्याला कुणी शिकवलंच नाहीये. पुढच्या वेळी स्वतः उभी राहा आणि स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात नुसता एकदा दाबायला सांग, तपकिरी राहू दे. सासूबाई ‘पैसे घेऊन घाणेरडंच ठेवलं’ म्हणतील, त्याची तयारी ठेव. आणि नवे गोल्डफिश एवढ्यात आणू नकोस. आधी तो किट सलग आठवडाभर पिवळा दाखवू दे, मग आपण दोघी क्रॉफर्ड मार्केटला जाऊ. तिथल्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, ‘हे मासे कधी आले?’ ‘आजच सकाळी, एकदम ताजे’ असं म्हणाला तर पुढच्या दुकानात.