सिग्नलला गाडी का थरथरते?

प्रश्न : माझी तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक सात वर्षं जुनी आहे. सिग्नलला उभी असताना ती थरथरते. एसी लावला की स्टिअरिंगही हादरतं. पळताना काही जाणवत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर : इतक्यात नको. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जरा थरथरतं. पूर्वीपेक्षा किती वाढलंय ते महत्त्वाचं. पळताना त्रास नाही, म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा विषय सोडून द्या. बॉनेट उघडून आवाज ऐका. ठोका मधूनच चुकत असेल तर गाडी मिसिंग करतेय. प्लग काढून बघा : काळा पडलेला किंवा पेट्रोलने ओला प्लग दिसला, तर गडबड त्याच सिलिंडरमध्ये. इंजिन बंद करून तिथली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग तिकडे सरकलं तर कॉइल बदला, काम झालं.

ठोका एकसारखा असेल तर फाउंडेशन तपासा. इंजिनाखालचं ते रबर भेगाळलं किंवा दबलं की हादरे थेट बॉडीत येतात. सात वर्षांत असं होणं नवलाचं नाही. त्याआधी थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. तिथे कार्बन साचला की एसीचा भार इंजिनाला पेलत नाही. हे स्वस्तातलं काम आहे.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो.