नाण्यांच्या संचात चांदी किती? हिशेब स्वतः करा

सरकारी टाकसाळीने काढलेल्या स्मारक नाण्यांचा संच घरात असला की आपण तो 'चांदीची बचत' म्हणून धरतो. मुलीच्या शिक्षणाला किंवा आजारपणात तो उपयोगी पडेल, असे वाटते. पण संचात खरोखर किती चांदी आहे, हे मोजल्याशिवाय त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. हा हिशेब गुणाकार-बेरजेचा आहे आणि तुम्ही तो घरी करू शकता.

तीन गोष्टी माहीत हव्यात
१. प्रत्येक नाण्याचे वजन, ग्रॅममध्ये.
२. चांदीची शुद्धता, म्हणजे शंभर भागांत चांदीचे भाग किती.
३. त्या दिवशीचा चांदीचा भाव. भाव किलोचा असेल तर १००० ने भागा, म्हणजे एका ग्रॅमचा भाव मिळेल.

वजन आणि शुद्धता संचासोबतच्या माहितीपत्रकात दिलेली असते. पत्रक हरवले असेल तर वजन सराफाच्या काट्यावर करता येते. शुद्धता मात्र नुसती पाहून कळत नाही.

सूत्र: वजन × शुद्धता × एका ग्रॅमचा भाव = धातूची किंमत

नाण्यावरच्या आकड्यावर जाऊ नका
नाण्यावर छापलेली रक्कम ही त्याची दर्शनी किंमत. तिच्यावरून चांदी कळत नाही. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेले १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे, म्हणजे १२ ग्रॅम. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेले १० रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे, पण त्यात चांदी ५० टक्के, म्हणजे ११.२५ ग्रॅम. दर्शनी किंमत तीच, नाणे जड, तरी चांदी कमी!

एक संच मोजून पाहू
१९७३ मध्ये 'अधिक धान्य पिकवा' या विषयावर नाणी निघाली. समजा, तुमच्या पेटीत त्यांतली तीन आहेत.

• २० रुपये: ३० ग्रॅम × ५० टक्के = १५ ग्रॅम चांदी
• १० रुपये: २२.५ ग्रॅम × ५० टक्के = ११.२५ ग्रॅम चांदी
• ५० पैसे: तांबे व निकेल, चांदी शून्य

एकूण चांदी २६.२५ ग्रॅम. गणित सोपे जावे म्हणून भाव ग्रॅमला १०० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. धातूची किंमत झाली २,६२५ रुपये.

कोणी दोन्ही मोठ्या नाण्यांचे सगळे वजन, म्हणजे ५२.५ ग्रॅम, चांदी म्हणून धरले तर उत्तर ५,२५० येईल. ते बरोबर दुप्पट, म्हणून चुकीचे आहे.

आता विक्रेता हाच संच ६,००० रुपयांना देतो असे समजा. त्यातले २,६२५ रुपये चांदीचे. उरलेले ३,३७५ रुपये दुर्मीळपणाचे, पेटीचे आणि विक्रेत्याच्या नफ्याचे. पुढे संग्राहक मिळाला तर हे पैसे परत येतील, न मिळाला तर नाही. केवळ चांदीच्या जोरावर ६,००० सुटायचे, तर भाव आपण धरलेल्या भावाच्या सव्वादोन पटींहूनही जास्त व्हावा लागेल.

विकण्याआधी हे वाचा
• धातूची किंमत हा कागदावरचा हिशेब आहे. नाण्यांविषयीच्या २०११ च्या कायद्यानुसार सरकारी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे.
• नाणी घासून चकचकीत करू नका. संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत उतरते. पेटी आणि पत्रक जपून ठेवा.
• 'तुमचे जुने नाणे लाखोंना घेतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर पैसे पाठवू नका. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, असे बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.
• सराफाकडची लक्ष्मी-गणपतीची 'नाणी' चलन नव्हेत. त्यांचा हिशेब याच सूत्राने करा, पण शुद्धता पावतीवर लिहून घ्या.

स्वतः करून पाहा
२०२३ मध्ये नव्या संसद भवनानिमित्त निघालेले ७५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे असून त्यात ५० टक्के चांदी आहे. ग्रॅमला १०० रुपये भावाने धातूची किंमत किती?
उत्तर: ३५ × ५० टक्के = १७.५ ग्रॅम, १७.५ × १०० = १,७५० रुपये.

लक्षात ठेवा: संच हौसेने घ्या, जपा, मुलांना दाखवा. पण अडीअडचणीचा पैसा बँकेच्या किंवा टपाल कार्यालयाच्या खात्यात ठेवा. तिथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.