अल्पवयीनांच्या कामाचा परवाना आणि शाळेचे दाखलखारीज रजिस्टर

दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाची उचल घेतलेला एखादा पालक त्या दिवसांत शाळेच्या दारी येऊन विचारतो, "गुरुजी, पोराला कामाला लावायचं तर कसला परवाना लागतो?" या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास निश्चितपणे ठाऊक असावयास हवे.

चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या बालकासाठी सर्वसाधारणपणे असा परवाना नाहीच. १९८६ च्या बालकामगारविषयक अधिनियमात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून बालकास कोणत्याही धंद्यात नेमता येत नाही. अपवाद दोनच. पहिला चित्रपट, दूरचित्रवाणी इत्यादींतील बालकलावंताचा. केंद्राच्या नियमांनुसार त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती पालकाने नव्हे तर निर्मात्याने मिळवावयाची असते. आपल्याकडे असा प्रसंग विरळाच.

दुसरा अपवाद कुटुंबास मदत करण्याचा: शाळा सुटल्यावर अथवा सुटीत, आणि तीही धोक्याच्या कामात नव्हे. पालक बहुधा याच अपवादाचा आधार घेतात. परंतु कोयता चालतो तो ऐन शाळेच्या महिन्यांत. फडावर गेलेल्या आणि तेथे कोणत्याच शाळेत न बसणाऱ्या मुलास 'शाळेनंतरची वेळ' उरतेच कोठे?

चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास कायदा किशोर म्हणतो. खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोक्याच्या प्रक्रिया त्यास वर्ज्य आहेत. इतरत्र काम करता येते, पण विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच. सलग तीन तासांनंतर एक तास विसावा, आठवड्यास एक सुटी, आणि सायंकाळी ७ ते सकाळी ८ काम मुळीच नाही. पहाटे फडावर आणि रात्री गाडी भरताना हा नियम कितपत पाळला जातो, हे आपण सारे जाणतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये कारखान्यात जाणाऱ्या किशोरास नेमलेल्या डॉक्टराचा पात्रतेचा दाखला लागत असे. तो बारा महिने चाले व त्याचे शुल्क मालकाने द्यावयाचे असे. १८८१ च्या पहिल्या कायद्याने तर केवळ सात वर्षांखालील मुलांनाच गिरणीची बंदी केली होती. त्या काळापासून प्रश्न एकच राहिला आहे: मुलाचे वय किती?

येथे आपल्या लेखणीचा संबंध येतो. वयाविषयी वाद उपस्थित झाल्यास शाळेचा जन्मतारखेचा दाखला पुराव्यात धरला जातो. पूर्वी जन्मनोंद नसलेल्या कित्येक मुलांपुढे अंदाजाने '१ जून' लिहिले गेले, हे जुनी रजिस्टरे चाळणाऱ्यास सांगावयास नको. ज्याच्या नोंदीत दोन वर्षे अधिक पडली, तो तेरा वर्षांचा मुलगा कागदोपत्री पंधरा वर्षांचा झाला आणि कायद्याचे संरक्षण गमावून बसला. म्हणून प्रवेशाच्या वेळी जन्मनोंदीचा दाखला अवश्य मागावा. तो नसल्यास प्रवेश मात्र नाकारू नये, शिक्षणहक्क कायद्यास ते मान्य नाही. निर्गम उताऱ्यातील तारीख बदलून देण्याची गळ कोणी घातल्यास ती स्पष्टपणे नाकारावी.

कळविल्यावाचून सलग तीस दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाची माहिती मुख्याध्यापकांनी जिल्ह्यातील नियुक्त अधिकाऱ्यास द्यावी, असे २०१७ मध्ये सुधारलेले केंद्राचे नियम सांगतात. तथापि टोळी निघण्यापूर्वीच पालकाची भेट घेणे अधिक उपयोगी. मूल हंगामी वसतिगृहात अथवा आजीजवळ राहू शकेल काय, हे विचारावे; जाणे अटळच असेल तर कारखान्याचे नाव व मुक्कामाचे गाव लिहून घ्यावे आणि शिक्षण हमी पत्रक मुलाच्या हाती द्यावे.