नीटच्या निकालानंतर भाचीस

रिद्धपूर, ता. मोर्शी



नीटसाठी आणखी एक वर्ष द्यावं का, असं तू विचारलंस. मला वाटतं, त्याआधी एक गोष्ट ठरव: तुला आजारी माणसाजवळ काम करायचं आहे, की नावामागं डॉक्टर लावायचं आहे? 2024 साली 23 लाखांवर मुलांनी ही परीक्षा दिली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या देशभरात लाख-सव्वा लाखाच्या आत. त्यातल्याही खाजगी कॉलेजांची फी कापूस-तुरीच्या उत्पन्नात बसणारी नाही. तेव्हा राहिलेली लाखो मुलं काही ढ नव्हती, आणि तूही नाहीस.

आता गावखेड्यात उपचार करतं कोण, ते बघ. सपाटीवर 30 हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागं एक उपकेंद्र असावं, असा नियम आहे. मेळघाटासारख्या डोंगरी आदिवासी भागात हेच आकडे 20 हजार आणि 3 हजार. उपकेंद्रात एमबीबीएस डॉक्टर नसतो. गरोदर बाईची तपासणी, बाळाची लस, हे सारं सिस्टरच्या हातचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं, हे त्या घरोघरी करू लागल्या. 39 गावांतल्या या कामाचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढं आशाताईंचं घरोघरचं बाळंतपणानंतरचं काम याच वाटेनं उभं राहिलं. यामागं डॉक्टरांचं संशोधन होतंच. पण बाळाला हात लावणारी ती बाई नसती, तर ते संशोधन कागदावरच राहिलं असतं.

तेव्हा नर्सिंगचाही विचार कर. ताई, म्हणजे तुझी आई, म्हणेल, नर्सला मान नाही, पगार नाही. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. खाजगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, सरकारीतही पुष्कळ जागा कंत्राटी. म्हणूनच कोर्स बघून घे. एएनएम 2 वर्षांचा, जीएनएम 3 वर्षांचा. झेपत असेल तर 4 वर्षांचं बीएससी नर्सिंगच कर, कारण त्यापुढं एमएससी, शिकवण्याचं काम, एम्सची भरती आणि समुदाय आरोग्य अधिकारी या वाटा खुल्या होतात. कॉलेज निवडताना इमारतीला भुलू नकोस. नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि जोडलेल्या रुग्णालयात खाटांवर खरोखर रोगी असतात का, एवढं विचार. रोग्यांविना शिकलेली नर्स घाबरत घाबरत सुई टोचते, आणि ते रोग्याला भोगावं लागतं. लॅब टेक्निशियनचा किंवा फिजिओथेरपीचा कोर्स घेतलास तरी हीच कसोटी लाव.

मानाचं म्हणशील, तर तो कामातून येतो, आणि या कामाला ऐकून घेण्याची चिकाटी लागते. आपल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र या ग्रंथासाठी माणसामाणसाला गाठून आठवणी विचारल्या, पारखून लिहून घेतल्या. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या बाईच्या तोंडून तिचं दुखणं काढून घेणंही तितकंच जिकिरीचं आहे. ते जिला जमतं, तिची वाट लोक बघतात.

नीटला आणखी एक वर्ष द्यायचंच असेल, तर एकच दे, आणि त्याच वर्षी बीएससी नर्सिंगची सीईटीही दे. तोवर अमरावतीत इर्विन किंवा डफरीन रुग्णालयात परवानगी काढून एखादा दिवस वॉर्डात उभी राहा, आणि काय वाटलं ते मला लिही.

तुझा मामा