प्रश्नावली बाजूला ठेव

चि. मधुरा,


सेट पास झालीस, तासिका तत्त्वावर का होईना कॉलेजात शिकवू लागलीस, बरं वाटलं. पीएचडीला ऊसतोड कामगारांचा विषय घेतलास, तोही चांगला. पाठवलेली प्रश्नावली मात्र पटली नाही. ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न’ असा रकाना आखला आहेस. अगं, ज्यांनी हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतली आणि जे ती टनावारीच्या मजुरीतून फेडतात, त्यांनी महिन्याचा आकडा कुठून सांगायचा? हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. मग बाईची कमाई वेगळी कशी लिहिशील? ती एक दिवस आजारी पडली की खाडा कापला जातो, त्याला तुझ्या कागदावर जागाच नाही. त्यांच्या झोपडीत, कोपीवर, चार दिवस काढले असतेस तर निम्मे प्रश्न तूच खोडले असतेस.

आपल्याच विषयातलं उदाहरण घे. घुर्ये १९२४पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळत होते. स्वतः ग्रंथांत रमणारा माणूस, पण विद्यार्थ्यांना त्यांनी बाहेर धाडलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेले श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्याला त्यांनी रामपुरा म्हटलं. १९७०मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली, अठरा वर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या. तरी आठवणींच्या आधारे त्यांनी १९७६ साली पुस्तक काढलं. गाव अंगात मुरलं होतं म्हणूनच ना! शंभर गूगल फॉर्म जळाले असते तर काय आठवलं असतं?

त्या काळी पॉइंट मोजत नव्हते, कबूल. तुला कायम झाल्यावर बढतीसाठी कॅसची फाईल भरावीच लागेल, ती भर. (नॅकच्या फायलीही तुझ्याच गळ्यात पडणार, नवा माणूस दिसला की पडतातच.) पण पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नकोस. गाईड घाई करतील, त्यांना प्रकरणं दाखव, वाद घालू नकोस.

आणि मुकादमाच्या ओळखीने टोळीत शिरू नकोस, बायका त्याच्यादेखत त्याचंच बोलणं बोलतील. टोळ्या गाव सोडायच्या आत एखाद्या बाईशी जानपछान कर. दिवाळीच्या सुट्टीत पहिली खेप होऊ दे. मला टिपणं पाठव, प्रश्नावली नको.

तुझी,
मावशी