दोष सर्व्हरचा की आपल्याच सेटिंगचा?

एपीआय टेस्टिंगवरचा हा लेख म्हणजे थोडासा माफीनामाही आहे. माफी कसली, ते आधी सांगतो.

मिनी प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या रूम पार्टनरने मेसच्या खाड्यांचं अ‍ॅप केलं. आदल्या रात्री खाडा नोंदवायचा, महिनाअखेर तेवढे पैसे बिलातून वजा. सर्व्हर त्याने पायथनच्या फ्लास्कमध्ये लिहिला, टेस्टिंग माझ्याकडे. डेमोच्या आदल्या रात्री सर्व्हर होस्टिंगवर चढवला आणि मी खाडा नोंदवायची पोस्ट रिक्वेस्ट मारली. उत्तर आलं ४०५, म्हणजे ‘या पत्त्यावर ही मेथड चालत नाही’. मी लगेच निकाल देऊन टाकला, "तुझा रूट चुकलाय." तो म्हणाला, "अरे, माझ्या लॅपटॉपवर चालतंय." मी म्हटलं, "मग सरांना तुझा लॅपटॉप दे!"

रात्री तीनपर्यंत बिचाऱ्याने तो रूट तीनदा नव्याने लिहिला. शेवटी कंटाळून मी टूलचा कन्सोल उघडला. बघतो तर एकीच्या जागी दोन रिक्वेस्ट! पहिली पोस्ट, तिला उत्तर ३०१. दुसरी गेट, तिला उत्तर ४०५. मी पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू केला होता आणि होस्टिंग सगळ्यांना ‘एचटीटीपीएस’वर वळवत होतं. त्या वळणावर पोस्टची गेट झाली. सर्व्हर खरंच बोलत होता. त्याच्या लॅपटॉपवर हे वळणच नव्हतं, म्हणून तिथे चालत होतं. पत्त्यात एक ‘एस’ वाढवला आणि काम झालं.

पण रात्रीच्या खोडाखोडीत बिलाची वजाबाकी बिघडली होती. सकाळी डेमोत चार खाडे दिसतायत आणि बिल मात्र पूर्ण! सरांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" पार्टनरने मान खाली घातली. मी गप्प बसलो.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतलाय. आपण काय पाठवलं असं वाटतं ते सोडा, प्रत्यक्षात काय गेलं ते आधी बघा. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे. उदाहरणं पोस्टमनची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या मशीनवर तेच असतं. अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली क्रोमचं एक्स्टेन्शन म्हणून ते सुरू केलं. टूल दुसरं असलं तरी रोग तेच आणि औषधही तेच.

१. कन्सोल उघडा

पोस्टमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि सी एकत्र दाबलं की कन्सोल उघडतो. त्यात खरा पत्ता, खरे हेडर, खरी बॉडी आणि मधली सगळी वळणं दिसतात. ३०१ किंवा ३०२ आल्यावर पोस्टची गेट करायला एचटीटीपीचं २०२२ सालचं प्रमाणही जुन्या वहिवाटीमुळे परवानगी देतं. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड बदलत नाही. पोस्टमनमध्ये मूळ मेथड टिकवायची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. तसंच वळण दुसऱ्या होस्टवर गेलं तर ऑथरायझेशनचा हेडर पुढे जात नाही. ते सुरक्षेसाठी योग्यच आहे, पण आपण मात्र "टोकन दिलंय तरी ४०१ का?" म्हणून डोकं धरून बसतो. सेटिंग बदलण्यापेक्षा पत्ता शेवटच्या मुक्कामाचा लिहावा, हे बरं.

२. व्हेरिएबलची खरी किंमत बघा

एकाच नावाचं व्हेरिएबल कलेक्शनमध्येही असलं आणि एन्व्हायर्नमेंटमध्येही असलं, तर एन्व्हायर्नमेंटचं जिंकतं. ग्लोबल सगळ्यात शेवटी. म्हणून कलेक्शनमध्ये पत्ता दहादा बदलला तरी रिक्वेस्ट जुन्याच सर्व्हरला जात राहते. एन्व्हायर्नमेंट निवडायलाच विसरलो, तर महिरपी कंसांसकट व्हेरिएबलचं नावच पत्ता म्हणून जातं आणि ‘होस्ट सापडत नाही’ अशी एरर येते. टोकन चिकटवताना शेवटी आलेली स्पेस डोळ्यांना दिसत नाही, सर्व्हरला दिसते. बेअरर टोकनच्या रकान्यात ‘बेअरर’ हा शब्दही चिकटवला तर हेडरमध्ये तो दोनदा जातो.

३. उत्तर नेमकं कोण देतंय?

हा प्रश्न आपण विचारतच नाही. ४०७ आला तर तो सर्व्हरचा नव्हे, मधल्या प्रॉक्सीचा असतो. ५०२ आणि ५०४ सहसा पुढे उभा असलेला गेटवे देतो.

आमच्या मजल्यावरचा एक किस्सा सांगतो. २०२१ च्या मॉन्टेरेपासून मॅकवर एअरप्ले रिसीव्हर ५००० क्रमांकाचा पोर्ट वापरतो, आणि फ्लास्कचा नेहमीचा पोर्टही तोच. मित्र आपल्या कोडमध्ये ४०३ कुठून येतोय ते शोधत होता आणि उत्तर देत होता एअरप्ले! उत्तरातला ‘सर्व्हर’ हेडर वाचला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’चंही असंच. लोकलहोस्ट हे नाव कधी १२७.०.०.१ ला जातं, तर कधी आयपीव्ही६ च्या पत्त्याला. नोड १७ पासून, म्हणजे २०२१ पासून, नोडवरच्या प्रोग्रॅममध्ये हा फरक जास्त जाणवायला लागला. सर्व्हर फक्त पहिल्या पत्त्यावर ऐकत असेल तर दुसऱ्या दारावर कितीही ठोठावा. अशा वेळी नावाऐवजी १२७.०.०.१ लिहून बघा.

४. बॉडीचा प्रकार

बॉडीत जेसन लिहिलं, पण प्रकार ‘टेक्स्ट’च राहिला, तर कंटेंट-टाइप हेडर ‘साधा मजकूर’ असं सांगतो. मग कुठे ४१५ येतो, कुठे सर्व्हरला बॉडी रिकामीच दिसते. पाकिटावर पत्ता चुकीचा असला तर आतलं पत्र कितीही छान असून उपयोग काय?

५. हिरव्या टेस्टवर आंधळा विश्वास नको

लाल टेस्ट निदान आपल्याला जागं तरी करते. खोटी हिरवी टेस्ट झोपवते. हॉस्टेलच्या वाय-फायचं लॉगिन संपलं की साध्या एचटीटीपीची रिक्वेस्ट लॉगिनच्या पानाकडे वळवली जाते. ते पान २०० स्टेटसने येतं. आपली टेस्ट फक्त ‘स्टेटस २०० आहे का’ एवढंच बघत असेल, तर सगळं हिरवंगार! प्रत्यक्षात आपण एपीआय नाही, वाय-फायचं पान तपासलं. म्हणून उत्तर जेसन आहे का, हवं ते फील्ड आहे का आणि त्याची किंमत बरोबर आहे का, हेही तपासा. एकदा मुद्दाम चुकीची अपेक्षा लिहून टेस्ट लाल होते का तेही बघा. जी टेस्ट कधीच नापास करत नाही, ती परीक्षाच नव्हे. आमच्या बिलाची एक टेस्ट असती, तर वजाबाकी बिघडल्याचं रात्रीच कळलं असतं.

६. दुसरा साक्षीदार बोलवा

पोस्टमन कोणत्याही रिक्वेस्टची कर्ल कमांड तयार करून देतो. ती टर्मिनलवर ‘व्ही’ पर्याय लावून चालवा. दोन्हीकडे तीच एरर आली तर संशय सर्व्हरवर किंवा नेटवर्कवर. कर्लवर चाललं आणि टूलमध्ये नाही, तर प्रॉक्सी, साठलेल्या कुकी, सर्टिफिकेट तपासणी ही सेटिंग एकेक करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि पोस्टमनमध्ये चालतं पण ब्राउझरमध्ये नाही, तर सीओआरएस आठवा. तो नियम ब्राउझर पाळतो, डेस्कटॉपवरचा पोस्टमन पाळत नाही.

एवढं करूनही दोष टूलचाच निघाला, तर नव्या रिकाम्या कलेक्शनमध्ये एकाच रिक्वेस्टने तो पुन्हा करून दाखवा, टूलची आवृत्ती लिहा आणि मगच तक्रार नोंदवा. पाठवण्याआधी टोकन आणि पासवर्ड मात्र काढून टाका. एन्व्हायर्नमेंटच्या एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ते राहून जातात आणि उघड्या रिपॉझिटरीत जाऊन बसतात.

हे सगळं करायला जेमतेम दहा मिनिटं लागतात. मी ती दहा मिनिटं दिली नाहीत आणि पार्टनरची अख्खी रात्र घालवली. डेमोनंतर दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर मी त्याला म्हटलं, "चूक माझी होती, सरांनाही सांगतो." तो म्हणाला, "सरांचं राहू दे. पुढच्या वेळी ‘तुझं चुकलंय’ म्हणायच्या आधी कन्सोल दाखव."

सरांना मी सांगितलं. मार्क वाढले नाहीत. पण या सेमिस्टरलाही आम्ही एकाच ग्रुपमध्ये आहोत, आणि आमच्या रूमच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय: ‘आधी कन्सोल, मग भांडण.’